गिरणी सुरू झाली का मी आंधयी होतो



आज बोलायच्या आधी एक छोटं काम सांगते. चुलीवर काही असेल तर जाळ कमी करा आणि एक मिनिट डोळे मिटून बसा.

काय काय ऐकू आलं? पंख्याची घरघर. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाच्या तरी चपलांचा आवाज. लांब शेतातला ट्रॅक्टर. शेजारच्या घरी पडलेलं भांडं. हे सगळे आवाज मघाशीही होतेच. कान तेच आणि आवाजही तेच, फक्त लक्ष तिकडे गेलं. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, आजचं माझं सगळं बोलणं तिच्यावरच उभं आहे.

आपल्याकडे म्हणतात, आंधळ्या माणसाचे कान तिखट असतात. देव एक नेतो तर दुसरं देतो. मी २३ वर्षं शाळेत शिकवलं आणि मुलांनाही हेच सांगत आले. यात किती खरं आणि किती खोटं, ते मला निवृत्त झाल्यावर कळलं, आमच्या बचत गटाचं रजिस्टर लिहायला लागले तेव्हा. आणि कळलं ते माझ्याच हातून झालेल्या चुकीमुळे.

आमच्या गटात एक बाई आहेत. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून आपण त्यांना मावशी म्हणू. लहानपणी गोवर निघाला आणि त्यात दोन्ही डोळे गेले. मावशी स्वयंपाक करतात, कपडे धुतात, शेंगा फोडतात, कपाशीही वेचतात. दारातून कोण आलं ते चालण्यावरून ओळखतात. माझ्या डाव्या पायाला दुखणं आहे, तर मी अंगणात पाय टाकला की म्हणतात, "या बाई, आज गुडघा जास्त दुखते वाटते." घागर भरायला लावली की दुसऱ्या कामाला लागतात आणि बरोबर काठोकाठ भरायच्या आधी येऊन नळ बंद करतात. हे तर तुम्हालाही येतं. घागर भरत आली की पाण्याचा आवाज बारीक होत जातो. मोहरी तडतडली की न बघता आपण कांदा टाकतो. फरक इतकाच की आपण हे कधीकधी करतो, मावशींचा अख्खा दिवस असाच जातो.

अशा बाईला ऐकू येत नसेल, हे आमच्या मनातही आलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. पेरणी तोंडावर आली होती. अध्यक्षाबाईंच्या ओसरीत बैठक होती. शेजारीच पिठाची गिरणी. लाईन गेलेली, म्हणून सगळं शांत होतं. मावशींनी दोन शेळ्या घ्यायला १५,००० रुपयांचं कर्ज मागितलं होतं आणि त्यांची पाळीही होती. त्याच वेळी दुसऱ्या एका बहिणीला बियाण्यासाठी पैसे हवे होते. बोलणं चालू असतानाच लाईन आली, गिरणी सुरू झाली आणि सगळ्याजणी एकदम मोठ्यानं बोलायला लागल्या. अध्यक्षाबाईंनी मावशींना विचारलं, "या वेळी हिला देऊ, तुम्ही तीन महिने थांबता का?" मावशी म्हणाल्या, "हो." मी ठराव लिहिला. मावशींनी अंगठा दिला.

चार दिवसांनी मावशी माझ्या घरी आल्या. "बाई, माह्या शेळ्यांचे पैसे कवा भेटतीन?"

मी चकित झाले. म्हटलं, तुम्हीच तर हो म्हणालात. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मले वाटलं, तुम्ही मले इचारून रायल्या, पैसे पायजेत का म्हून."

मी विचारलं, ऐकू आलं नाही तर तेव्हाच का नाही सांगितलं? त्यावर मावशी जे बोलल्या ते मी विसरू शकत नाही. "आंधयी त आहोच. आता बहिरी बी झाली म्हनतीन. सारे म्हनतात, आंधयीचे कान तिखट. मंग मी कोन्या तोंडानं सांगू? बाई, गिरणी सुरू झाली का मी आंधयी होतो."

शेळ्यांचा सौदा त्या हंगामात हातचा गेला. ठराव माझ्या अक्षरातला होता. त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले, आमच्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरबाईंना विचारलं, आणि जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट. अंध माणसाचा कान आपल्या कानासारखाच असतो. कानाच्या आतला पडदा, त्यामागची तीन बारीक हाडं, गोगलगाईच्या शंखासारखा भाग, सगळं तेच. अगदी हलका आवाज किती हलका ऐकू येतो, अशी तपासणी केली तर डोळस आणि अंध साधारण सारखेच निघतात. देवानं वेगळा कान दिलेला नसतो.

मग फरक कुठे पडतो? मेंदूत. आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा मोठा भाग बघण्याच्या कामाला लागलेला असतो. जन्मापासून किंवा अगदी लहानपणी दृष्टी गेली तर ती जागा ओसाड राहत नाही. घरात एक खोली रिकामी झाली की आपण तिथे धान्य ठेवतो, शिलाईमशीन ठेवतो, तसा तो भाग मेंदू ऐकण्याच्या आणि स्पर्शाच्या कामाला लावतो. २००४ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातल्या संशोधकांनी दोन सूर एकामागोमाग ऐकवून विचारलं, दुसरा सूर चढला की उतरला? लहानपणीच दृष्टी गेलेले लोक यात डोळसांपेक्षा सरस ठरले. पण मोठेपणी अंध झालेल्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे साठाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेलेल्या आजोबांचे कान आपोआप तिखट होतील, असं समजू नका. उलट वयामुळे त्यांचं ऐकणंही कमी होत असतं. त्यांना दुप्पट मदत लागते.

दुसरी गोष्ट, गलक्यात ऐकणं. हे फक्त कानाचं काम नाही. आपण सुपात तूर पाखडतो तेव्हा दाणा आणि फोल एकत्रच असतात. हाताच्या झटक्यानं आपण ते वेगळे करतो. मेंदू आवाज असेच पाखडतो. लग्नाच्या मांडवात शंभर जणी बोलत असतात, तरी कुणी आपलं नाव घेतलं की आपण वळून बघतो.

हे पाखडायला दोन कान लागतात. डावीकडून कुणी हाक मारली तर आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्या कानात नंतर. हा फरक किती? एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही कमी. तेवढ्यावरून मेंदू ओळखतो की हाक कुठून आली. एकदा बाजू कळली की त्या बाजूचा आवाज निवडून ऐकता येतो. म्हणून ज्याचा एक कान बंद असतो, त्याला शांत घरात सगळं समजतं आणि बाजारात काहीच समजत नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि माझी चूक इथेच होती. डोळस माणूस गलक्यात नुसत्या कानानं ऐकत नाही. तो डोळ्यांनीही ऐकतो. कोण बोलतंय ते तो बघतो. ओठ बघतो. मान हलली, भुवई चढली, बोट कुणाकडे गेलं, हे सगळं बघतो. १९५४ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी हे मोजून दाखवलं. गलका जितका जास्त, तितका बोलणाऱ्याचं तोंड दिसण्याचा फायदा जास्त. आपल्यालाही याचा अनुभव आहे. कोरोनाच्या काळात सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. दवाखान्यात, बँकेत आपण किती वेळा म्हणालो, "काय म्हणालात? परत सांगा." मास्कनं आवाज थोडा दबत होता हे खरं, पण ओठही दिसत नव्हते.

मावशींसाठी सगळ्या जगाच्या तोंडाला कायमचा मास्क आहे.

त्या दिवशी गिरणी सुरू झाली तेव्हा आम्हालाही नीट ऐकू येत नव्हतं. पण अध्यक्षाबाईंनी "हिला देऊ" म्हणताना हात दुसरीकडे दाखवला, तीन बोटं वर केली. आम्ही ते बघितलं आणि समजलो. मावशींना ना बोट दिसलं, ना तोंड. त्यांच्यापर्यंत आला तो फक्त गिरणीचा आवाज, आणि त्यात तुटलेले दोन-चार शब्द.

मग अंध माणसं गलक्यात बोलणं ओळखण्यात पुढे असतात की मागे? दोघांनाही फक्त कानानं ऐकायला लावलं तेव्हा काही चाचण्यांत अंध लोक थोडे पुढे निघाले, काहींत दोघं सारखेच. पण खऱ्या बैठकीत आपण कधी डोळे बांधून बसत नाही. आपल्याजवळ दोन आधार असतात, त्यांच्याजवळ एक. तो एकही गोंगाटानं काढून घेतला तर काय उरतं?

चौथी गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. अंध माणूस आवाजानं फक्त माणसं ओळखत नाही, तर भिंत, खांब, दारही ओळखतो. काठीची टकटक, चपलेचा आवाज, टिचकी, हे समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात. विहिरीत वाकून बोललं की आवाज घुमतो ना, तसंच, फक्त फार बारीक. मावशी म्हणतात, "भित जवय आली का तोंडाले कळते." पूर्वी पुष्कळ अंध लोकांना असंच वाटायचं, की हे चेहऱ्याच्या कातडीला कळतं. १९४४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात याची तपासणी झाली. अंध माणसांना आणि डोळे बांधलेल्या डोळसांना भिंतीकडे चालायला लावलं. चेहरा झाकला तरी भिंत कळत होती. कान बंद केले, तेव्हा मात्र माणसं भिंतीवर जाऊन आदळली. म्हणजे काम कानाचंच होतं. आणि डोळे बांधलेल्या डोळसांनाही सरावानं हे जमायला लागलं. तेव्हा ही दैवी देणगी नाही, रोजच्या सरावाची कमाई आहे.

आता विचार करा. बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर गाडी शिरते आहे, किंवा अकोल्याच्या बसस्टँडवर दहा एसट्या एकदम सुरू आहेत, वर भोंगा चालू आहे. काठीची टकटक कुठे ऐकू येणार? गावात मिरवणुकीचा डीजे आला की आपल्या छातीत धडधडतं, आपण दार लावून घेतो. मावशींची मात्र वाट पुसली जाते. कुठे नाली, कुठे मोटरसायकल, काही कळत नाही. त्या दिवशी त्या घराबाहेर पडत नाहीत. म्हणूनच म्हणाल्या, गिरणी सुरू झाली का मी आंधयी होतो. एरवी त्या स्वतःला आंधळं समजत नाहीत.

आपल्या वऱ्हाडाला ही गोष्ट खरं तर नवी नाही. संत गुलाबराव महाराज आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, लोणी टाकळीचा जन्म, १८८१ सालचा. वर्षाचे व्हायच्या आत दृष्टी गेली. माधानला राहिले. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून जास्त लहानमोठे ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. हे सगळं झालं कसं? कुणीतरी वाचून दाखवायचं आणि ते ऐकायचे. ते सांगायचे आणि कुणीतरी लिहून घ्यायचं. त्यांच्या बुद्धीचं आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. पण त्यांच्याजवळ बसून स्पष्ट आवाजात, पानामागून पान वाचणारीही कुणी माणसं होती, हे आपण विसरतो.

आजचं उदाहरण घ्या. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अनाथ, अपंग मुलांना वाढवलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याच मानसकन्या माला पापळकर. त्यांना दृष्टी नाही. अमरावतीला शिकल्या आणि त्याच साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा पास झाल्या. आज अंध मुलं ब्रेलवर बोट फिरवून वाचतात, मोबाईल त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. सराव असलेली मुलं तो इतका वेगानं लावतात की आपल्याला नुसती किरकिर वाटते आणि त्यांना शब्द न् शब्द समजतो. आणि क्रिकेट! अंध खेळाडूंच्या चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो आणि त्या आवाजावर फलंदाज बॅट फिरवतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या अंध मुलींनी कोलंबोला पहिला टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला. आवाज ऐकू येऊ दिला की ही माणसं कुठे पोचतात ते बघा.

म्हणून आम्ही गटात काही गोष्टी बदलल्या. खर्च एका रुपयाचा नाही.

बैठक ओसरीतून अंगणवाडीच्या खोलीत नेली. तिथे गिरणी लांब आहे. पंखा फार वाजत असेल तर ठराव होईपर्यंत बंद ठेवतो.

एका वेळी एकच जण बोलते. बोलायच्या आधी आपलं नाव सांगते, आणि जिला विचारायचं तिचं नाव घेते. हे सुरुवातीला हसण्यावारी गेलं. आता सवय झाली. आणि गंमत म्हणजे भांडणं कमी झाली.

"हिला", "तिकडे", "एवढे" असं हातवारे करून बोलायचं नाही. नाव आणि आकडा तोंडानं सांगायचा.

मावशी भिंतीला पाठ करून बसतात, म्हणजे मागून आवाज येत नाही आणि सगळ्यांचं बोलणं समोरून येतं. ओरडायचं नाही. ओरडल्यानं शब्द फाटतात. जवळ जाऊन, सावकाश बोलायचं.

ठरावावर अंगठा घ्यायच्या आधी मी तो वाचून दाखवते आणि विचारते, "मावशी, काय ठरलं ते तुमच्या तोंडानं सांगा." नुसत्या "हो"वर आता मी लिहीत नाही. हा नियम सगळ्यांनाच लावला आणि लक्षात आलं की डोळस बायकाही कितीदा न ऐकताच हो म्हणतात.

रस्त्यावर, स्टँडवर अंध व्यक्ती दिसली तर एकदम दंड धरून ओढू नका. आधी आपलं नाव सांगा, मदत हवी का विचारा, आणि हवी असेल तर आपलं कोपर त्यांच्या हातात द्या. एसटीची पाटी वाचून सांगा. आणि निघताना "मी जातो" म्हणून सांगा. नाहीतर त्या गलक्यात बिचारं माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतं.

आता आपल्या सगळ्यांच्या कानांविषयी थोडं. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मेल्या की परत उगवत नाहीत. मळणी यंत्रावर, गिरणीवर, डीजेच्या भिंतीसमोर तासन् तास उभं राहणं म्हणजे त्या पेशी जाळणंच. कानात बोळे घाला, लेकरांना लांब ठेवा. कानात गरम तेल, काडी, हेअरपिन घालू नका. घरातली सासू "आवाज येते, पन समजत नाई" म्हणत असेल तर ती सोंग करत नाही. वयाबरोबर गलक्यातलं ऐकणंच आधी जातं. तिला अमरावतीच्या इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात नेऊन कान तपासून घ्या. आणि गोवराची लस वेळेवर द्या. मावशींचे डोळे गोवरानं गेले, आपल्या नातवंडांचे जायला नकोत.

गोंगाटावर कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर भोंगे लावायला बंदी आहे, सरकारनं ठरवून दिलेले मोजके सणाचे दिवस सोडले तर. पण आपल्या दारातल्या मिरवणुकीसाठी पोलीस कशाला हवेत? आमच्या गटानं गेल्या गणपतीत मंडळाच्या पोरांना एवढंच सांगितलं, मावशींच्या गल्लीतून जाताना डीजे बंद ठेवा, टाळ-मृदंग वाजवा. पोरं आधी कुरकुरली. मग एकानं विचारलं, "मावशीले तरास होते काय?" आम्ही हो म्हटलं. त्यांनी तेवढ्या गल्लीपुरता डीजे बंद केला. मावशी दारात उभ्या राहून गणपतीला हात जोडू शकल्या.

शेळ्यांचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर मावशींना कर्ज मिळालं. भाव तोवर वाढले होते, म्हणून दोनऐवजी एकच शेळी आली. रजिस्टरमध्ये त्या जुन्या ठरावाखाली मी लिहून ठेवलं आहे, की ही चूक लेखनिकेची आहे.

पुढच्या बैठकीत तुम्हीही एक करून बघा. सगळ्याजणी पाच मिनिटं डोळे मिटा आणि बैठक चालवा. कोण बोलली, काय ठरलं, कुणाला समजलं, ते नंतर एकमेकींना विचारा. आणि तुमच्या गटात, गल्लीत एखादी मावशी असेल, तर तिला विचारा की तिला कुठे बसलं की नीट ऐकू येतं. ती सांगेल तिथे बैठक न्या.